विश्लेषण : टोमॅटोवरील विषाणूच्या घराण्याचा शोध घेणाऱ्या रोझालिंड फ्रँकलिन

टोमॅटोच्या फळावर तपकिरी, सुरकुतलेले चट्टे पाडणारा नवा विषाणू २०१५ मध्ये जॉर्डनमधील हरितगृहात आढळला. पुढे तो अनेक देशांत पसरला. जनुकीय क्रमवारी तपासली असता तो तंबाखूवरील मोझॅक विषाणूचा जवळचा नातलग निघाला. या घराण्याची अंतर्रचना उलगडण्यात मोठा वाटा होता रोझालिंड फ्रँकलिन यांचा. डीएनएच्या छायाचित्रामुळे त्या सर्वांना परिचित आहेत. हे काम मात्र फारसे माहीत नाही.

विषाणूंकडे कशा वळल्या?

फ्रँकलिन यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमध्ये झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण, कोळशावर संशोधन आणि १९४५ मध्ये डॉक्टरेट. क्ष-किरण विवर्तनाचे तंत्र त्या पॅरिसमध्ये शिकल्या. १९५१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी डीएनएवर काम सुरू केले. तेथील डीएनएचे प्रसिद्ध छायाचित्र त्यांच्या नकळत जेम्स वॉटसन यांना दाखवण्यात आले. तेथे त्या रमल्या नाहीत. मार्च १९५३ मध्ये त्या बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल यांच्याकडे आल्या आणि मोझॅक विषाणूवर काम करू लागल्या. हा विषाणू टोमॅटोलाही ग्रासतो.

वाद कशावरून झाला?

या विषाणूचे सर्व दंड एकाच लांबीचे असतात, असे फ्रँकलिन यांनी १९५५ मध्ये मांडले. ज्येष्ठ विषाणूतज्ज्ञ नॉर्मन पिरी यांना ते मान्य नव्हते. त्यांच्या नाराजीच्या काळातच निधी मिळवणेही कठीण झाले. फ्रँकलिन मागे हटल्या नाहीत. पुढे अमेरिकेतून अनुदान मिळाले.

नेमके काय सापडले?

विषाणूचा दंड आतून पोकळ असतो. प्रथिनाचे घटक त्याभोवती मळसूत्रासारखे रचलेले असतात आणि आरएनएचा धागा मध्यापासून ४ नॅनोमीटर अंतरावर त्यांच्यात रुतलेला असतो, हे त्यांनी दाखवले. केवळ आरएनएही रोग पसरवू शकतो, हे १९५६ मध्ये इतर शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. म्हणजे वारसा आरएनएमध्ये असतो. प्रथिन हे त्याचे कवच.

पुढे काय झाले?

१९५६ मध्येच फ्रँकलिन यांना अंडाशयाचा कर्करोग असल्याचे कळले. उपचार घेत त्या काम करत राहिल्या. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचे जागतिक प्रदर्शन सुरू झाले. त्यात त्यांच्या गटाने तयार केलेली विषाणूची भव्य प्रतिकृती मांडलेली होती. त्यांचे सहकारी आरोन क्लुग यांना १९८२ मध्ये नोबेल मिळाले. त्याच वर्षी मोझॅक विषाणूच्या आरएनएतील सर्व ६,३९५ अक्षरांची क्रमवारी प्रसिद्ध झाली.

आज त्याचे महत्त्व काय?

टोमॅटोवरील नव्या विषाणूची सुमारे ८२ टक्के अक्षरे मोझॅक विषाणूच्या एका प्रकाराशी जुळतात. उरलेल्या फरकांतच धोका आहे. जुन्या विषाणूंना दाद न देणारे टोमॅटोचे वाणही या नव्या नातलगापुढे हतबल ठरतात. त्यामुळे प्रतिकारक वाण शोधणाऱ्यांना आजही फ्रँकलिन यांनी जागा दाखवून दिलेला तोच आरएनएचा धागा अक्षर न् अक्षर तपासावा लागतो.