हाइके कामरलिंग ओनेस

हॉलंड देशातील ग्रोनिंगन शहरी, कौलांचा कारखाना चालविणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी, ता. २१ सप्टेंबर १८५३ रोजी हाइके कामरलिंग ओनेस यांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण तेथेच व काही काळ जर्मनीत हायडेलबर्ग येथे झाले. १८८२ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते लायडन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले.

प्रकृती नाजूक, पण निश्चय लोखंडी. मोजमापावाचून ज्ञान नाही, हा त्यांचा बाणा होता. उत्तम उपकरणे हवीत तर ती घडविणारे हातही हवेत, हे ओळखून त्यांनी १९०१ साली कारागिरांची शाळाच काढली. निळे डगले घातलेली तेथील मुले काच फुंकण्यास व यंत्रे जुळविण्यास शिकत. विज्ञान केवळ पुस्तकात असते असे मानणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनी या मुलांचे स्मरण ठेवावे.

मार्गात विघ्नेही आली. १८०७ साली लायडनच्या कालव्यात दारूने भरलेले जहाज फुटून शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता. ती आठवण असल्याने दाबलेल्या वायूंच्या टाक्यांची नगरवासीयांस धास्ती वाटली, आणि १८९५ पासून सुमारे तीन वर्षे त्यांचे कार्य अडून राहिले. तथापि ता. १० जुलै १९०८ रोजी त्यांनी हेलियम वायूचा द्रव केला. शून्याखाली २६९ अंश इतकी ती थंडी!

आता प्रश्न असा, की इतक्या थंडीत धातूंच्या विद्युत्‌रोधाचे काय होते? तारेतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांस अणूंची थरथर अडविते, तशीच धातूतील भेसळही अडविते. थंडीने थरथर शमते; भेसळ मात्र तशीच राहते. सोने व प्लॅटिनम यांचा रोध एका मर्यादेखाली उतरेना, तेव्हा ओनेस यांनी पारा घेतला. कारण तो पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून अत्यंत शुद्ध करता येतो. ता. ८ एप्रिल १९११ रोजी त्या पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला दिसला. पुढील मापनांत तर तो हळूहळू नव्हे, एकाएकी नाहीसा होतो असे आढळले. हीच अतिवाहकता.

परंतु गंमत पुढेच आहे. पाऱ्यात मुद्दाम सोने व कॅडमियम मिसळून पाहिले, तरीही रोध नाहीसा झालाच! ज्या शुद्धतेसाठी एवढा खटाटोप केला, ती या चमत्कारास आवश्यकच नव्हती. आमच्या मते हा निकाल न दडविता प्रसिद्ध करणे, हे १९१३ च्या नोबेल पारितोषिकाइतकेच त्यांस भूषणावह आहे. ता. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी ते निवर्तले.

त्यांनी उघडलेले कोडे मात्र वाढतच गेले. १९५४ साली गटिंगन येथे बुकेल व हिल्श यांनी बिस्मथची वाफ अतिशीत पृष्ठभागावर धरून पातळ पापुद्रा केला. अणूंस नीट रांगेत बसण्यास अवधीच मिळाला नाही. आणि तो विस्कळीत पापुद्रा शून्याखाली २६७ अंशांच्या सुमारास अतिवाहक झाला. सुव्यवस्थित बिस्मथ त्या थंडीत तसा होत नाही. पापुद्रा उबवून अणू रांगेत बसू दिले, की तो गुणही जाई. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळण्यास अणूंची सुबक रांग लागत नाही, हे अँडरसन यांनी १९५९ साली दाखविले.

तरी अव्यवस्थेसही सीमा आहे. १९८९ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी असाच बिस्मथचा थर थोड्या अणूंच्या जाडीपर्यंत पातळ करून पाहिला. एका ठराविक जाडीच्या वर तो थंडीत अतिवाहक होई. त्याहून किंचित पातळ असला, की तीच थंडी त्यास विद्युत्‌रोधक करून टाकी.