पानांवरचे बुडबुडे मोजणारा राजवैद्य

घरातल्या फिश टँकमध्ये जिवंत वनस्पती लावणाऱ्यांना एक दृश्य फार सुखावते. दिवा लावून तीन-चार तास झाले, की हिरव्या पानांच्या कडांवर मोत्यांसारखे बारीक बुडबुडे धरू लागतात आणि एकेक करून सरळ वर जातात. शाळेत शिकलेला हायड्रिलाचा प्रयोगही अनेकांना आठवत असेल. पाण्यात बुडवलेली वनस्पती, तिच्यावर उलटे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी आणि उन्हात ठेवल्यावर नळीत साठत जाणारा वायू. विझत आलेली काडी त्या नळीत धरली, की ती पुन्हा पेट घेते.

या प्रयोगाच्या मुळाशी एक डॉक्टर आहे. त्यांचे नाव यान इंगेनहाउझ. वेगवेगळ्या धातूंच्या सळ्यांना मेण लावून, उष्णता कोणत्या सळीतून लवकर जाते ते दाखवणारा शाळेतला प्रयोगही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मात्र त्यांच्या काळात युरोप त्यांना ओळखत होता तो देवीचे डॉक्टर म्हणून.

इंगेनहाउझ यांचा जन्म ८ डिसेंबर १७३० रोजी नेदरलँड्समधील ब्रेडा या गावी झाला. घराणे कॅथलिक. लुव्हँ विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेऊन ते गावी परतले आणि त्यांनी दवाखाना थाटला. जॉन प्रिंगल हे ब्रिटिश लष्करी वैद्य या कुटुंबाचे स्नेही होते. वडिलांच्या निधनानंतर इंगेनहाउझ लंडनला गेले ते प्रिंगल यांच्याच ओळखीवर.

त्या वेळी देवीचा रोग युरोपात घरोघर माणसे नेत होता. गाईच्या देवीची लस अजून आलेली नव्हती. देवीच्या रुग्णाच्या फोडातील पू अगदी थोडा घेऊन तो निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा, एवढाच उपाय होता. टोचलेल्याला सहसा सौम्य देवी येई आणि तो आयुष्यभरासाठी सुरक्षित होई. पण हा रोग खराच असे. टोचलेल्यांपैकी काही जण दगावत, आणि त्यांच्यापासून इतरांना लागण होण्याची भीतीही असे. इंगेनहाउझ लंडनमध्ये हे तंत्र शिकले आणि १७६८ मध्ये इंग्लंडच्या हर्टफर्डशर भागात साथ आली तेव्हा शेकडो खेडुतांना टोचण्याच्या कामात त्यांनी भाग घेतला.

त्याच वर्षी व्हिएन्नाहून बोलावणे आले. सम्राज्ञी मारिया थेरेसा यांनी देवीमुळे आपली मुले आणि सुना गमावल्या होत्या. आदल्या वर्षी त्या स्वतःही या रोगातून कशाबशा वाचल्या होत्या. आता उरलेल्या मुलांना टोचून घ्यायचे त्यांनी ठरवले. प्रिंगल यांच्या शिफारशीने इंगेनहाउझ यांची निवड झाली. राजघराण्याच्या आधी त्यांनी गरिबांच्या मुलांना टोचले. आज आपल्याला हे खटकते, तेव्हा ते रीतसर मानले गेले. राजपुत्र सुखरूप बाहेर पडले. इंगेनहाउझ यांना राजवैद्याचे पद आणि तहहयात वार्षिक वेतन मिळाले. हात जरा चुकला असता, तर कथा इथेच संपली असती.

या वेतनामुळे त्यांना पोटापाण्याची चिंता उरली नाही. पुढची वर्षे त्यांनी प्रवासात आणि प्रयोगांत घालवली. बेंजामिन फ्रँकलिन यांच्याशी त्यांची दाट मैत्री झाली. १७७५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस जॅकिन यांची बहीण आगाथा हिच्याशी विवाह केला.

याच सुमारास इंग्लंडमध्ये एक कोडे चर्चेत होते. जोसेफ प्रिस्टली यांनी १७७१ मध्ये बंद काचपात्रातील हवा मेणबत्ती जाळून बिघडवली आणि तिच्यात पुदिन्याची फांदी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. वनस्पती बिघडलेली हवा सुधारतात, हा त्याचा अर्थ. पण इतरांनी तोच प्रयोग केला, तेव्हा कधी हवा सुधारली, कधी उलट जास्तच बिघडली. खुद्द प्रिस्टली यांनाही दर वेळी तेच उत्तर मिळेना. वनस्पती उपकारक की अपायकारक, हे ठरेना.

१७७९ च्या उन्हाळ्यात इंगेनहाउझ यांनी लंडनजवळ एक घर भाड्याने घेतले आणि तीन महिन्यांच्या आत पाचशेहून अधिक प्रयोग केले. त्यांची पद्धत साधी होती. ताजी पाने तोडायची, पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत बुडवायची, बरणी पाण्यात उलटी करायची आणि उन्हात ठेवायची. पानांवर बुडबुडे येत, ते वर जाऊन साठत.

पाण्यातील पानांवर बुडबुडे येतात, हे जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी वीस-पंचवीस वर्षे आधीच पाहिले होते. पण ती पाण्यातच असलेली हवा, पानाला नुसती चिकटलेली, असे त्यांनी मानले. इंगेनहाउझ यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी तो वायू गोळा केला आणि तपासला. त्यात ज्योत भडकून जळत होती. तो साध्या हवेहून कितीतरी शुद्ध होता. आज आपण त्याला ऑक्सिजन म्हणतो.

मग त्यांनी एकेक शक्यता तपासली. उन्हाची ऊब कारण असेल का? त्यांनी पाने उबेत पण अंधारात ठेवली. हा वायू आला नाही. म्हणजे काम उबेचे नाही, प्रकाशाचे आहे. झाडाचा प्रत्येक भाग हे करतो का? नाही. फक्त हिरवी पाने आणि हिरवे देठ करतात. मुळे, फुले, फळे हे काम करत नाहीत, उलट हवा बिघडवतात. आणि रात्री? रात्री हिरवी पानेही हवा बिघडवतात, मात्र दिवसा जेवढी सुधारतात त्या मानाने थोडीच. प्रिस्टली यांच्या कोड्याचे उत्तर मिळाले. ज्यांच्या बरण्या उजेडात होत्या त्यांना एक उत्तर मिळत होते, ज्यांच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होत्या त्यांना दुसरे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे पुस्तक लंडनमध्ये छापून निघाले. प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासाचा पाया त्यात आहे.

यानंतर श्रेयाचा वाद झाला. प्रिस्टलीही पाण्यातल्या हिरव्या शेवाळातून निघणाऱ्या वायूवर प्रयोग करत होते आणि प्रकाशाचे महत्त्व त्यांच्याही ध्यानात आले होते. इंगेनहाउझ यांना आपले काम डावलले गेल्याचे दुःख शेवटपर्यंत राहिले. खुद्द त्यांचेही सगळेच बरोबर नव्हते. पानांना हा वायू बनवायला कच्चा माल कोणता लागतो, हे त्यांना १७७९ मध्ये उमगले नव्हते. ते १७८२ मध्ये जिनिव्हाच्या झाँ सेनेबिए यांनी दाखवले. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तरच बुडबुडे येतात. पाणी उकळून तो घालवला, तर ऊन असूनही पान गप्प बसते. इंगेनहाउझ यांनी १७९६ च्या निबंधात वनस्पतींचे अन्न हवेतील या वायूतून येते, हे स्वतः मांडले.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास त्यांनी व्हिएन्ना सोडले. युरोप युद्धात पेटला आणि परत जाणे जमले नाही. पत्नी तिकडेच राहिली. शेवटचे दिवस त्यांनी इंग्लंडमधील बोवुड या लॉर्ड लँड्सडाउन यांच्या वाड्यात पाहुणा म्हणून काढले. योगायोग असा, की प्रिस्टली यांनी १७७४ मध्ये ऑक्सिजन वेगळा केला तो याच वाड्यात.

इथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वात मोठी चूक घडली. १७९८ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीची लस जगापुढे मांडली. गवळणींना गाईची सौम्य देवी येऊन गेली, की खरी देवी होत नाही, या निरीक्षणावर ती उभी होती. इंगेनहाउझ यांनी बोवुडच्या आसपास चौकशी केली. एका शेतकऱ्याला गाईची देवी होऊनही पुढे खरी देवी झाल्याचे त्यांच्या कानावर आले. त्यांनी जेन्नर यांना पत्र लिहून शंका कळवली आणि ते विरोधात उभे राहिले. पानांच्या बाबतीत शेकडो प्रयोग केल्याशिवाय न बोलणारा माणूस इथे ऐकीव माहितीवर विसंबला. ज्या जुन्या पद्धतीने त्यांना नाव दिले, तीच त्यांना सोडवली नाही. ७ सप्टेंबर १७९९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १४ जून १८०२ रोजी, जेन्नर यांची लस मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली गेली. भारतातील ती पहिली लस. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

आता आपल्या फिश टँककडे पुन्हा पाहू. इंगेनहाउझ यांच्या बरणीतले सगळे नियम तिथे रोज चालू असतात.

पहिला नियम प्रकाशाचा. दिवा रोज ठरावीक वेळी लागून ठरावीक वेळी बंद व्हावा. बहुतेक टाक्यांना सहा ते आठ तास पुरतात. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवली किंवा दिवा रात्रंदिवस चालू ठेवला, तर वनस्पतींपेक्षा शेवाळच जास्त माजते.

दुसरा नियम अंधाराचा. दिवा मालवला, की वनस्पतीही माशांबरोबर ऑक्सिजन वापरू लागतात. इंगेनहाउझ यांनी रात्री खोलीतून झाडे बाहेर ठेवायला सांगितले होते. खोलीपुरती ती भीती अनाठायी आहे. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, दोन-चार कुंड्यांनी त्यात काही फरक पडत नाही. पण २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. म्हणून दाट लागवडीच्या टाकीत पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर रात्री एअर पंप चालू ठेवा. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडला असेल, तर दिव्याबरोबर तोही बंद झालाच पाहिजे.

तिसरा नियम कच्च्या मालाचा. प्रकाश वाढवला आणि कार्बन तेवढाच राहिला, तर पान वाढत नाही. सिलिंडर नको असेल, तर मंद प्रकाशात जगणाऱ्या वनस्पती निवडाव्यात. जावा फर्न आणि अनुबियास यांचे आडवे खोड वाळूत पुरू नका, कुजते. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. पट्टीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया मात्र वाळूतच लावायची, फक्त तिचा कोंब वर राहिला पाहिजे.

चौथा नियम हिरवेपणाचा. काम करते ते फक्त हिरवे पान. पिवळे पडलेले, कुजलेले पान ऑक्सिजन खाते, ते वेळीच काढावे.

आणि एक खबरदारी. पाणी बदलल्या बदलल्या सगळीकडे, अगदी काचेवर आणि दगडांवरही बुडबुडे दिसले, तर हुरळून जाऊ नका. नळाच्या पाण्यात दाबाने विरघळलेली हवा बाहेर पडत असते, बोने यांना वाटली तशी. खरे बुडबुडे दिवा लागून काही तासांनी, फक्त हिरव्या पानांवरून निघतात आणि दिवा मालवला की थांबतात. दोन्ही बुडबुडे दिसायला सारखेच. कोणता कुठला, हे तपासूनच कळते.