पदवी नसलेले मार्गदर्शक

मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या डॉ. सलीम अली यांनी विद्यापीठाची पदवी घेतली नव्हती. त्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षीतज्ज्ञाची जागा हुकली. बर्लिनला शिकून ते १९३० साली परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील नोकरीही पैशांअभावी संपुष्टात आली होती. बेकारीचा तो पावसाळा त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांची वीण न्याहाळण्यात घालवला. पक्षी मारून कातडी जमवण्याचा तो काळ. शिडीवरच्या कापडी आडोशात बसून त्यांनी टिपले, की नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखते, तिने पसंत केले तरच ते पुरे होते. मग नर दुसरीसाठी नवे घरटे घेतो. मराठीने स्त्रीलिंगी नाव दिलेला हा कारागीर चक्क नर!

पुढे त्यांनी मानधन न घेता, केवळ खर्चावर, निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे पक्षी-सर्वेक्षण केले. आजचे नांदेड व लातूर तेव्हा त्याच संस्थानात होते.

कालांतराने मुंबई विद्यापीठाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पदव्युत्तर संशोधनासाठी मान्यता दिली आणि ते मार्गदर्शक झाले. १९८७ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांनी अभ्यासाला विषय घेतला होता, तो सुगरणीच्या विणीचाच.