चौफुल्याचे पाच किलोमीटर आणि होमी भाभांच्या विमानाचे पाच मैल

विमानातल्या धोक्याच्या अलार्मवर लिहायला बसलो आणि आधी माझाच एक घोळ आठवला. दौंडहून बाईकवर शिरूरला मामांकडे निघालो होतो. पाटस सोडलं आणि अंधार पडला. मामा शिरूरला बसून मोबाईलवर माझं लाईव्ह लोकेशन बघत होते. फोन करून म्हणाले, तू चौफुल्यापासून पाच किलोमीटरवर आहेस. मला वाटलं, शिरूरकडे वळायचा चौक मागे राहिला. गाडी फिरवली आणि परत पाटसला आलो. चौफुला तर पुढे होता! मामांचा आकडा बरोबर होता, फक्त पुढे की मागे एवढंच सांगायचं राहिलं.

माझा अर्धा तास गेला. अशाच घोळात 1966 साली डॉ. होमी भाभांचा जीव गेला.

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईतल्या पारशी घरातला. घरच्यांची इच्छा होती की पोराने केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकावं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं. पोराने इंजिनिअरिंग पूर्ण केलं, पण मन रमलं फिजिक्समध्ये. पुढे कॉस्मिक किरणांवरच्या कामाने त्यांचं नाव जगभर झालं. 1939 मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि परतीचा रस्ता बंद झाला. मग बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत शिकवू लागले.

पुढे परत जाता आलं असतं, पण ते इथेच राहिले. 1945 मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीने टीआयएफआर सुरू केली. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या मोठाल्या अँटेना आहेत ना, त्या याच संस्थेच्या. 1948 मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. 4 ऑगस्ट 1956 ला तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. शिवाय हा माणूस चित्रं काढायचा आणि संगीतातही रमायचा.

24 जानेवारी 1966. भाभा व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचं बोईंग 707, नाव कांचनजंगा, मुंबईहून दिल्ली, बैरुत करत जिनिव्हाला चाललं होतं. विमानात 117 माणसं होती. दिशा आणि जागा समजण्यासाठी जे रेडिओ रिसीव्हर असतात, त्यातला एक बंद पडलेला होता. त्यामुळे पायलटला वाटलं, माँ ब्लाँ डोंगर आपण ओलांडला. खाली कंट्रोलरला रडारवर विमान दिसत होतं. माँ ब्लाँ पाच मैलांवर असल्याचं त्याने कळवलं, पण ते नेमक्या शब्दांत नव्हतं. पायलटने त्याचा अर्थ डोंगर मागे पडला असा घेतला आणि विमान खाली आणायला सुरुवात केली. सुमारे 4,750 मीटर उंचीवर ते डोंगरावर आदळलं. कुणीही वाचलं नाही. भाभा तेव्हा 56 वर्षांचे होते.

या अपघातावर घातपाताचे रील्स तुम्ही पाहिले असतील. त्याचा पुरावा आजवर समोर आलेला नाही. फ्रान्सच्या चौकशीत निघालं ते हेच: चुकलेला अंदाज आणि अर्धवट समजलेला निरोप.

मग आज काय बदललंय? कॉकपिटमध्ये आता दोन वेगवेगळे पहारेकरी असतात.

पहिला जमिनीसाठी, ईजीपीडब्ल्यूएस. यात जगभरच्या डोंगरांचा नकाशा साठवलेला असतो. जीपीएसवरून विमानाची जागा घेऊन तो नकाशाशी ताडून बघतो. समोर डोंगर आला की मोठ्याने ओरडतो: टेरेन, पुल अप. म्हणजे नाक वर घ्या. भाभांच्या विमानात असं काहीच नव्हतं.

दुसरा दुसऱ्या विमानासाठी, टीकॅस. दोन विमानांचे ट्रान्सपॉन्डर एकमेकांशी थेट बोलतात. धडकेला साधारण 40 सेकंद उरले की सावध करतो, 25 च्या आसपास थेट हुकूम देतो: एकाला वर जा, दुसऱ्याला खाली. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं धडकून 349 जण गेले. त्यानंतर आपल्याकडे टीकॅस सक्तीचं झालं.

कंट्रोलर एक सांगतोय आणि टीकॅस दुसरंच, तर कुणाचं ऐकायचं? 2002 मध्ये जर्मनीत युबरलिंगनवर एका पायलटने कंट्रोलरचं ऐकलं, दुसऱ्याने टीकॅसचं. दोघंही खाली आले आणि 71 जीव गेले. आता नियम पक्का आहे: टीकॅसचा हुकूम आला की आधी तोच पाळायचा.

पण मशीन हा शेवटचा उपाय. पहिला उपाय अजूनही बोलणंच आहे. शिरूरच्या गच्चीवरून पुण्याकडे जाणारं विमान दिसलं तर एक लक्षात ठेवा. लोहगावचं कंट्रोल हवाई दलाकडे आहे आणि तिथून आलेली उंची किंवा दिशा पायलट शब्दाला शब्द परत म्हणून दाखवतो. याला रीडबॅक म्हणतात. तो चुकला तर कंट्रोलर तिथल्या तिथे दुरुस्त करतो.

आमच्या घरीही आता हीच पद्धत आहे. मामा म्हणतात चौफुला पाच किलोमीटर पुढे, आणि मी फोन ठेवण्याआधी म्हणतो, पाच किलोमीटर, पुढे.