काचेतला समुद्र : फिलिप हेन्री गॉस

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या नारपोलीत समुद्र नाही. येथे रात्रंदिवस यंत्रमागांचा खडखडाट आणि कापडाच्या ताग्यांनी भरलेले टेम्पो. परंतु ठाण्याला जाताना कशेळीच्या पुलावरून खाडी दिसते. मी सहावीत असताना मामाबरोबर त्या खाडीच्या काठाला गेलो होतो आणि प्लास्टिकच्या बरणीत दोन निवट्या व एक इवलासा खेकडा घेऊन घरी आलो. बरणीतले पाणी गढूळ होते म्हणून मी ते ओतून दिले, नळाचे स्वच्छ पाणी भरले आणि आईच्या डब्यातले मूठभर मीठ त्यात टाकले. सकाळी पाहतो तो तिन्ही जीव मरून पडलेले. आजीने मला चांगलेच फैलावर घेतले. मला मात्र वाटत राहिले, मीठ कमी पडले असावे.

मी कला शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही गेल्या वर्षी ग्रंथालयात फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाची माहिती वाचताना ती बरणी डोळ्यांसमोर उभी राहिली. माझ्या हातून जे झाले त्याचे कोडे या माणसाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी सोडवले होते. आणि तो कोणत्याही महाविद्यालयात शिकलेला नव्हता.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील लघुचित्रे काढणारे चित्रकार. गिऱ्हाइकांच्या शोधात ते गावोगाव हिंडत. घरची परिस्थिती बेताचीच. फिलिपचे बालपण पूल या बंदराच्या गावी गेले. तेथे सुझन बेल या त्याच्या आत्याला निसर्गाची मोठी आवड होती. खडकांना चिकटून राहणारी समुद्रफुले तिनेच त्याला दाखवली आणि भांड्यात समुद्राचे पाणी घेऊन ती त्यात ठेवून पाहण्याचे सुचवले. फुलासारखी दिसणारी ही समुद्रफुले प्रत्यक्षात प्राणी असून प्रवाळांची जवळची नातलग आहेत. पुढे ज्या छंदाने साऱ्या इंग्लंडला वेड लावले, त्याचे बीज एका आत्याने असे पेरले होते.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, फिलिप पोटासाठी अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडमधील कार्बोनीर या गावी कारकून म्हणून गेला. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि उरलेल्या वेळात किडे, फुलपाखरे. १८३२ साली तेथील एका लिलावात त्याने सूक्ष्मदर्शकावरचा एक जुना ग्रंथ विकत घेतला आणि तेव्हापासून निसर्गाचा अभ्यास हेच त्याचे ध्येय झाले. १८३५ मध्ये कॅनडात शेती केली, ती तोट्यात गेली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा येथे काही महिने शाळामास्तरकी केली. १८३९ मध्ये जवळजवळ रिकाम्या हाताने तो मायदेशी परतला. पण कॅनडात केलेल्या नोंदी कामी आल्या. १८४० साली त्यांवर आधारलेले पहिले पुस्तक निघाले. पुढे १८४४ ते १८४६ हा काळ त्याने जमैका बेटावर पक्ष्यांच्या अभ्यासात घालवला. १८४८ मध्ये एमिली बोज या लेखिकेशी विवाह झाला आणि १८४९ मध्ये मुलगा एडमंड जन्मला.

१८५२ साली प्रकृती ढासळल्यामुळे गॉस पत्नी व मुलासह डेव्हनच्या समुद्रकिनारी राहावयास गेले. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत साचून राहणारे पाणी, त्यातील समुद्रफुले, शेवाळे, खेकडे, कोळंब्या यांचे जग पाहण्यात ते रंगून गेले. हे जग किनाऱ्यावर न जाताही पाहता आले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. परंतु बादलीत आणलेले जीव दोन-चार दिवसांत मरत आणि पाण्याला दुर्गंधी सुटे.

या प्रश्नावर काम करणारे ते एकटेच नव्हते. ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्की येथून जिवंत प्रवाळ लंडनला आणून तीन वर्षे सांभाळले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये एक तत्त्व मांडले. प्राणी पाण्यातला प्राणवायू घेतात व कर्बवायू सोडतात, तर वनस्पती प्रकाशात नेमके उलट करतात. दोघांचे प्रमाण नीट जुळले आणि कुजकी पाने खाण्यास गोगलगायी असल्या, तर पाणी न बदलताही शुद्ध राहते. गॉस यांनी हिरव्या व तांबड्या समुद्रशेवाळांच्या साहाय्याने हेच खाऱ्या पाण्यात करून दाखवले. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, तेव्हा त्यातील बरेचसे जीव गॉस यांनी गोळा करून दिलेले होते.

आता दुसरी अडचण. लंडन समुद्रापासून दूर. समुद्राचे पाणी पिंपांत भरून आगगाडीने आणावे लागे. ते महाग पडे आणि वाटेत खराबही होई. तेव्हा समुद्र घरीच बनवता येईल काय, असा विचार गॉस यांनी केला. ब्रायटनजवळच्या समुद्रपाण्याचे श्वाइट्झर याने केलेले रासायनिक पृथक्करण त्यांनी आधाराला घेतले. हजार भाग पाण्यात सुमारे पस्तीस भाग क्षार आणि त्यांतले सत्तावीस भाग साधे मीठ. उरलेले आठ भाग मात्र मीठ नव्हेत, आणि माझी बरणी फसण्याचे एक कारण तेथेच होते.

गॉस यांची कृती एखाद्या पाककृतीसारखी सरळ आहे. साडेतीन औंस, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम, खाण्याचे मीठ; पाव औंस, म्हणजे ७ ग्रॅम, एप्सम सॉल्ट; २०० ग्रेन, म्हणजे १३ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड; आणि ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम क्लोराइड. हे सारे चार क्वार्टपेक्षा थोड्या कमी पाण्यात विरघळवायचे. एप्रिल १८५४ मध्ये त्यांनी असे पाणी तयार केले. त्यात प्राणी सोडण्याची घाई केली नाही. आधी शेवाळे ठेवली, पाणी मुरू दिले आणि मग जीव सोडले. ते जगले. त्याच वर्षी त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे रंगीत चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि तो शब्द घरोघरी पोहोचला.

या कृतीत त्यांनी चुन्याचे क्षार वगळले होते. त्यांचे प्रमाण फार थोडे असते, आणि जिप्सम तर विरघळतेही सावकाश. लंडनचे पाणी मुळातच चुनखडीचे, म्हणून ही उणीव काही अंशी आपोआप भरून निघाली असावी. पण आज घरातल्या लहान पेटीत प्रवाळ पाळणाऱ्याला विचारले, तर तो सर्वांत अधिक काळजी याच चुन्याची करतो. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. तो बांधण्यासाठी प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत काढून घेतो. म्हणून लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, १३०० च्या आसपास मॅग्नेशियम आणि पाण्याची अल्कता हे सर्व मोजून, कमी झाले तेवढेच परत घालावे लागते. पेटी जितकी लहान तितकी ही कसरत अवघड, कारण थोड्या पाण्यात बिघाड लवकर होतो. वाफ होऊन पाणी आटले तर त्यात गोडेच पाणी घालायचे, खारे नाही. कारण पाणी उडून जाते, मीठ मागे राहते.

दुसरी गोष्ट गॉस यांच्या काळी कोणालाच माहीत नव्हती. प्राण्यांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. दगडांवर व वाळूत वाढणारे सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. म्हणून नवी पेटी काही आठवडे मुरवल्याखेरीज तिच्यात मासे सोडत नाहीत. नायट्रीकरणाचे हे काम जिवाणूंचे आहे, हे १८७७ साली फ्रान्समध्ये दिसून आले. पुढे त्यावर रॉथमस्टेड येथे ज्यांनी अनेक वर्षे संशोधन केले, ते रॉबर्ट वॉरिंग्टन म्हणजे मघाच्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव. गढूळ म्हणून मी जे खाडीचे पाणी मोरीत ओतले, त्यात हे जिवाणू होते. आणि स्वच्छ म्हणून जे नळाचे पाणी भरले, त्यात जंतू मारण्यासाठी घातलेले क्लोरीन होते.

गॉस यांना कीर्ती मिळाली. १८५५ च्या उन्हाळ्यात ते इल्फ्राकूमच्या किनाऱ्यावर लोकांना घेऊन प्रत्यक्ष खडकांवर वर्ग भरवीत. १८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परंतु १८५७ हे वर्ष कठीण गेले. फेब्रुवारीत कर्करोगाने पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षी पृथ्वीचे वय आणि बायबलमधील सृष्टीची कथा यांचा मेळ घालणारे ‘ऑम्फॅलॉस’ हे त्यांचे पुस्तक निघाले. ते ना धार्मिकांना पटले, ना शास्त्रज्ञांना. लहान एडमंडला घेऊन ते डेव्हनमध्ये सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास गेले. तेथे त्यांनी ब्रिटिश समुद्रफुले व प्रवाळ यांवरचा आपला मोठा ग्रंथ १८६० पर्यंत पुरा केला, आणि त्याच वर्षी दुसरा विवाह केला.

मात्र यशाची एक बाजू त्यांना अखेरपर्यंत सलत राहिली. १८४५ मध्ये काचेवरील कर उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. आगगाडीने किनारा जवळ आला होता. त्यात गॉस यांची पुस्तके हाती पडली. लोकांच्या झुंडी बादल्या, हातोड्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरल्या. बहुतेकांच्या पेट्या थोड्याच दिवसांत कुजत. मग पुन्हा नवे जीव आणायचे. पाहता पाहता खडकांतली ती तळी रिकामी झाली. एडमंड पुढे नामवंत साहित्यिक झाले. १९०७ सालच्या ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात त्यांनी हा विध्वंस आणि वडिलांना झालेले दुःख नोंदवले आहे. २३ ऑगस्ट १८८८ रोजी गॉस यांचे निधन झाले.

आपल्याकडेही प्रवाळ आहेत. मालवणच्या समुद्रात आहेत आणि तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. २००१ साली प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. समुद्रातून ते तोडून आणणे हा गुन्हा आहे. डेव्हनच्या किनाऱ्याला असे संरक्षण वेळेवर मिळाले नाही.

गॉस यांच्याविषयी वाचल्यावर मला त्यांचा आदर वाटला आणि थोडी भीतीही वाटली. हिशेब लिहिणारा एक कारकून केवळ डोळे उघडे ठेवून आणि वजनमाप करून समुद्र काचेत उभा करतो, हे आमच्यासारख्या घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलाला बळ देणारे आहे. पण ज्या गोष्टीवर त्यांनी जीव लावला, तीच त्यांच्या शिकवण्याने उजाड झाली, हेही विसरता येत नाही. मागच्या दिवाळीत मामाबरोबर पुन्हा खाडीवर गेलो होतो. चिखलात निवट्या उड्या मारीत होत्या. या वेळी बरणी नेली नव्हती. काठावर बसून बराच वेळ नुसते पाहत राहिलो.