फ्रान्सिस गॅरी पॉवर्स : आकाशातील हेर

हेर म्हटला की वेषांतर करून परमुलखात हिंडणारा, दाराआड कान देऊन उभा राहणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कल्पना जुनी झाली आणि लष्करी वैमानिकांपुढे एक नवाच पेशा उभा राहिला. परक्या देशावरून, तोफा आणि लढाऊ विमाने पोहोचणार नाहीत इतक्या उंचीवरून उडायचे, खालच्या भूमीची छायाचित्रे टिपायची आणि गुपचूप परत यायचे. पगार भरघोस, पण कामाची वाच्यता घरच्या माणसांजवळही करायची नाही. या पेशात शिरलेल्या वैमानिकांपैकी बहुतेकांची नावे जगाला कधी कळली नाहीत. एकाचे मात्र एका दिवसात जगभर झाले. तो फ्रान्सिस गॅरी पॉवर्स.

गॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १९२९ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या जेन्किन्स या गावी झाला. हा सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. वडील खाणकामगार. पाच मुली आणि हा एकुलता एक मुलगा. खाणीच्या काळोखात आपले आयुष्य गेले, निदान मुलाने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र आकाशाकडे ओढ घेत होते. चौदाव्या वर्षी तो पहिल्यांदा विमानात बसला आणि ते वेड त्याला कायमचे लागले. टेनेसीतील मिलिगन कॉलेजातून १९५० साली पदवी घेऊन तो हवाई दलात भरती झाला. १९५२ च्या अखेरीस अधिकारी झाला आणि एफ-८४ थंडरजेट ही लढाऊ विमाने चालवू लागला. १९५५ साली त्याचे लग्न झाले. संसार नवा होता आणि हवाई दलाचा पगार बेताचाच होता.

अशा वेळी, १९५६ च्या आरंभी, सी.आय.ए. या अमेरिकन गुप्तचर संस्थेने त्याला बोलावणे धाडले. संस्थेजवळ विमान होते, पण वैमानिक नव्हते. गणवेशातला अधिकारी परक्या देशावरून उडताना सापडला, तर ते उघड लष्करी आक्रमण ठरेल, म्हणून वैमानिक मुलकी असावेत असा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा आग्रह होता. आणि असले विमान चालविण्याचे कसब तर लष्करी वैमानिकांकडेच! यावर तोड अशी निघाली की हवाई दलातील निवडक तरुणांनी राजीनामे द्यायचे आणि कराराने संस्थेच्या नोकरीत यायचे. पॉवर्सने राजीनामा दिला. परदेशातील कामगिरीवर त्याला दरमहा अडीच हजार डॉलर मिळू लागले. खाणकामगाराच्या मुलाला ही रक्कम स्वप्नवत वाटली असेल, यात नवल नाही. पण केवळ पैशासाठी तो गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोरियाच्या युद्धात आपल्याला भाग घेता आला नाही, ही खंत त्याला होती.

विमानाचे नाव यू-२. लॉकहीड कंपनीच्या केली जॉन्सन या तंत्रज्ञाने ते तयार केले होते. लांबच लांब पंख, हलके शरीर आणि सत्तर हजार फुटांची उंची. तेथे हवा इतकी विरळ की वेग थोडा कमी झाला तर विमान कोसळणार आणि थोडा वाढला तर मोडणार. या दोहोंमधील अंतर ताशी काही मैलांचेच असे. वैमानिकाने उड्डाणापूर्वी दोन तास शुद्ध प्राणवायू घ्यायचा, अंगाला घट्ट आवळणारा पोशाख चढवायचा आणि मग आठ-नऊ तास एका जागी बसून राहायचे. नेवाडाच्या वाळवंटात शिक्षण घेऊन पॉवर्स तुर्कस्तानातील इंसर्लिक तळावर रुजू झाला. जगाला सांगण्यासाठी हे पथक हवामानाचा अभ्यास करीत होते.

सोव्हिएत भूमीवरून यू-२ चे पहिले उड्डाण ४ जुलै १९५६ रोजी झाले. या छायाचित्रांचा उपयोग मोठा होता. रशियाकडे बॉम्बफेकी विमानांचा प्रचंड ताफा असल्याची जी भीती अमेरिकेत पसरली होती, ती पोकळ असल्याचे त्यांतून दिसले. सोव्हिएत रडारला ही विमाने पहिल्यापासून दिसत होती, पण ती पाडणारे अस्त्र हाती नव्हते आणि आपली असमर्थता जगाला सांगण्याची इच्छाही नव्हती. चार वर्षे हा लपंडाव असाच चालला.

१ मे १९६० च्या सकाळी पॉवर्स पेशावरहून निघाला. रशियाच्या छातीवरून थेट नॉर्वेतील बोडो गाठायचे होते. वॉशिंग्टनहून परवानगी येईपर्यंत तो घामाघूम होऊन विमानात बसून होता. वाटेत स्वयंचलित सुकाणू बिघडले, तरी तो पुढे गेला. स्वर्डलोव्हस्क शहराजवळ विमानाच्या मागे क्षेपणास्त्राचा स्फोट झाला आणि सारे आकाश नारिंगी प्रकाशाने भरून गेले. पंख तुटले. विमान गिरक्या घेत कोसळू लागले. यांत्रिक आसनाने बाहेर पडावे तर पाय कापले जाण्याची भीती. त्याने वरचे झाकण उघडले, पट्टा सोडला आणि तो अर्धवट बाहेर फेकला गेला. प्राणवायूच्या नळ्यांनी त्याला धरून ठेवले. विमान उडवून देणाऱ्या कळांपर्यंत हात पोहोचेना. शेवटी नळ्या तुटल्या आणि छत्री उघडली. खाली शेतात गावकऱ्यांनी त्याला आधार देऊन उभे केले. आपल्याच देशाचा वैमानिक आहे, असे त्यांना प्रथम वाटले होते! त्याच सकाळी सोव्हिएत क्षेपणास्त्राने चुकून त्यांचेच एक मिग-१९ पाडले आणि सर्गेई साफ्रोनोव हा तरुण वैमानिक प्राणास मुकला. त्याचा मृत्यू सोव्हिएत सरकारने कित्येक वर्षे झाकून ठेवला.

इकडे वॉशिंग्टनमध्ये सर्वांची समजूत अशी की एवढ्या उंचीवरून पडलेला वैमानिक जिवंत राहणेच शक्य नाही. त्या भरवशावर, हवामानाचे विमान तुर्कस्तानात भरकटले, अशी कथा प्रसिद्ध करण्यात आली. ख्रुश्चॉव्ह यांनी प्रथम फक्त विमान पाडल्याचे जाहीर केले आणि ७ मे रोजी वैमानिक जिवंत व आपल्या ताब्यात असल्याचे सांगितले. अमेरिकेचा खोटेपणा चव्हाट्यावर आला. आयझेनहॉवर यांना जबाबदारी पत्करावी लागली. त्याच महिन्यात पॅरिसला भरलेली शिखर परिषद उधळली गेली.

ऑगस्टमध्ये मॉस्कोत खटला उभा राहिला, तो नेमका पॉवर्सच्या एकतिसाव्या वाढदिवशी. वृद्ध आईवडील आणि पत्नी समोर बसलेली. त्याने गुन्हा कबूल केला, खेद व्यक्त केला आणि दहा वर्षांची शिक्षा स्वीकारली. मात्र विमान खरोखर किती उंच उडते आणि पूर्वी आपण किती उड्डाणे केली, हे त्याने चौकशीत लपविले. पुढे व्लादिमिरच्या तुरुंगात एका लाटव्हियन कैद्याच्या सोबतीने तो गालिचे विणायला शिकला. १० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिनजवळच्या ग्लिनिके पुलावर रुडॉल्फ आबेल या सोव्हिएत हेराच्या बदल्यात त्याची सुटका झाली.

खरी शिक्षा मायदेशी सुरू झाली. त्याच्याजवळ एक विषारी सुई दिलेली होती. पकडले गेल्यास ती वापरावी अशी सक्ती नव्हती. ते ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडले होते. तरी लोक विचारू लागले, हा मेला का नाही? विमान त्याने मुद्दाम खाली आणले असेल, असाही संशय घेतला गेला. मार्च १९६२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्याने सारी हकीगत सांगितली आणि त्याने करारातील कर्तव्य पाळले, असा निर्वाळा मिळाला. पण लोकांच्या मनातील किल्मिष समित्यांच्या अहवालांनी थोडेच धुतले जाते? पहिला संसार मोडला. १९६३ साली त्याने पुन्हा लग्न केले. लॉकहीडमध्ये चाचणी वैमानिकाची नोकरी मिळाली, ती १९७० साली त्याच्या आत्मचरित्राच्या प्रकाशनाच्या सुमारास सुटली. मग तो लॉस एंजेलिसमध्ये आकाशातून रहदारीच्या व बातम्यांच्या वार्ता देऊ लागला. १ ऑगस्ट १९७७ रोजी वणव्याचे चित्रण करून परतताना इंधन संपून त्याचे हेलिकॉप्टर कोसळले. तो आणि सोबतचा छायाचित्रकार दोघेही ठार झाले. सत्तर हजार फुटांवरून वाचलेल्या माणसाला मृत्यूने शहराच्या डोक्यावर गाठले.

आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्याला विसावा मिळाला. २००० साली हवाई दलाने त्याला युद्धकैद्याचे पदक मरणोत्तर दिले आणि २०१२ साली सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक. ते स्वीकारायला त्याचा मुलगा आणि नातवंडे होती.

पॉवर्सची कहाणी वाचताना शौर्यापेक्षा एक वेगळाच प्रश्न मनात राहतो. राज्य आपल्या तरुणांना धाडसाची कामे सांगते. त्यात मृत्यू आला तर शोक करण्याची तयारी ठेवते. पण तो तरुण जिवंत परत आला आणि त्याच्या जिवंतपणानेच राज्य अडचणीत आले, तर त्याचे काय? त्याने करार केला होता उडण्याचा. मरण्याचे कलम त्यात नव्हते, ते इतरांनी आपल्या मनाशी लिहून टाकले होते. आकाशातल्या या नोकरीचा पगार मोठा होता, आणि तिची खरी किंमत पॉवर्सला पुलावरून घरी परतल्यावर मोजावी लागली.