गणिताकडून आगमांकडे : डॉ. हर्मन याकोबी यांची विद्यायात्रा

जैन आगमांचा आधुनिक पद्धतीने अभ्यास करून ते जगाच्या विद्वत्सभेत ज्यांनी मांडले, त्यांत डॉ. हर्मन याकोबी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. आपल्या समाजात ते जेकोबी या नावानेही परिचित आहेत. त्यांच्या ग्रंथांचे ऋण आपण मानतोच. परंतु त्या कार्याचा उगम विद्यार्थिदशेतील एका निर्णयात होता, हे फारसे कोणी सांगत नाही. या लेखात त्या निर्णयाचाच मुख्यतः विचार करावयाचा आहे.

याकोबी यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८५० रोजी जर्मनीतील कोलोन येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते बर्लिन विद्यापीठात दाखल झाले, ते गणिताचे विद्यार्थी म्हणून. गणित हा त्या काळीही प्रतिष्ठेचा विषय होता आणि तरुण याकोबींना त्यात गती होती. त्याच विद्यापीठात आल्ब्रेख्त वेबर हे संस्कृतचे नामवंत प्राध्यापक अध्यापन करीत होते. भारतीय भाषांनी याकोबींच्या मनाची अशी पकड घेतली, की त्यांनी गणित बाजूला ठेवले आणि संस्कृत व तुलनात्मक भाषाशास्त्र हे विषय पत्करले. हजारो कोसांवरील देशाच्या प्राचीन भाषांवर उभे आयुष्य उभारणे, हे व्यवहाराच्या तराजूत तोलले तर धाडसच होते.

आधी मिळविलेली विद्या मात्र वाया गेली नाही. १८७२ साली बॉन विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली, ती भारतीय ज्योतिषातील ‘होरा’ या संज्ञेच्या उगमावर प्रबंध लिहून. प्राचीन शिलालेखांतील तिथी-नक्षत्रांवरून नेमका दिनांक काढण्याची गणितकोष्टकेही त्यांनी पुढे तयार केली. ती १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. नक्षत्रस्थितीवरून वेदकाल ठरविण्याचा प्रयत्न त्यांनी १८९३ मध्ये केला. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ प्रसिद्ध झाला. दोघे एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच वाटेने गेले होते. त्यांचा तो कालनिर्णय आजचे बहुतेक अभ्यासक स्वीकारीत नाहीत; तथापि गणिती शिस्त आणि भाषेची आवड यांचा असा संगम विरळाच.

पदवीनंतर लंडनमध्ये हस्तलिखितांचा अभ्यास करून ते १८७३ मध्ये भारतात आले. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील अधिकारी व संस्कृतज्ञ गेओर्ग ब्यूलर हे हस्तलिखितांच्या शोधार्थ राजपुतान्यात निघाले होते. त्यांच्यासमवेत तेवीस वर्षांचे याकोबी जैसलमेरच्या ज्ञानभांडारापर्यंत पोहोचले. आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके जपलेल्या पोथ्या त्यांना तेथे पाहावयास मिळाल्या. त्या प्रवासाने त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा निश्चित झाली.

त्या काळी युरोपातील विद्वानांचा जैन धर्माविषयी मोठा गैरसमज होता. जैन धर्म म्हणजे बौद्ध धर्मातून निघालेली एक शाखा, असे लासेन यांच्यासारखे मान्यवर पंडित मानीत. खुद्द याकोबींचे गुरू वेबर यांचा कलही त्याच बाजूस होता. श्वेतांबर परंपरेत पर्युषणपर्वात ज्याचे वाचन होते, त्या कल्पसूत्राची चिकित्सक आवृत्ती याकोबींनी १८७९ मध्ये लाइपझिग येथून प्रसिद्ध केली आणि तिच्या प्रस्तावनेत या मताचे खंडन केले.

त्यांचा युक्तिवाद समजण्यास अवघड नाही. प्राचीन पाली ग्रंथांत निगंठांचा व त्यांचे नायक नातपुत्त यांचा उल्लेख वारंवार येतो. हे नातपुत्त म्हणजेच ज्ञातृपुत्र भगवान महावीर होत. निगंठ हे आपल्यातून फुटून निघाले, असे ते ग्रंथ कोठेही सांगत नाहीत. उलट प्रस्थापित प्रतिस्पर्धी म्हणूनच त्यांना ओळखतात. शिवाय त्या ग्रंथांत निगंठांच्या नावे चातुर्यामाचा निर्देश आहे, आणि आगमांनुसार चातुर्याम धर्म हा भगवान पार्श्वनाथांचा. यावरून भगवान महावीरांच्याही पूर्वी हा संघ नांदत होता आणि पार्श्वनाथ ही ऐतिहासिक व्यक्ती होती, असे याकोबींनी प्रतिपादन केले. गुरूंविषयी आदर राखूनही पुराव्याशी त्यांनी तडजोड केली नाही.

मॅक्समुल्लर यांच्या ग्रंथमालेत त्यांनी आचारांग व कल्पसूत्र (१८८४) आणि उत्तराध्ययन व सूत्रकृतांग (१८९५) यांचे इंग्रजी अनुवाद दिले. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा जर्मन अनुवाद १९०६ मध्ये झाला. महाराष्ट्री प्राकृतातील निवडक जैन कथांचे त्यांचे पुस्तक १८८६ चे आहे. आपल्या मराठीची पूर्वज असलेली ही भाषा जर्मन विद्यार्थी त्या पुस्तकातून शिकले. म्युन्स्टर व कील येथे अध्यापन करून १८८९ मध्ये ते बॉनला आले आणि १९२२ पर्यंत तेथे प्राध्यापक राहिले. कर्मसिद्धान्तावर ग्रंथ लिहिणारे हेल्मुट फॉन ग्लासेनाप हे त्यांचेच शिष्य.

१९१३-१४ च्या हिवाळ्यात कलकत्ता विद्यापीठाच्या निमंत्रणावरून अलंकारशास्त्रावर व्याख्याने देण्यासाठी ते पुन्हा भारतात आले. जैन समाजाने त्यांना ‘जैनदर्शनदिवाकर’ या पदवीने गौरविले. याच भेटीत अहमदाबादेत त्यांना ‘भविसत्तकहा’ या अपभ्रंश काव्याची पोथी मिळाली. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी हाती आलेली ही नवी भाषा त्यांनी विद्यार्थ्याच्या उत्साहाने अभ्यासली आणि १९१८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. या काव्याचा नायक वणिकपुत्र आहे, हे आम्हा व्यापाऱ्यांना विशेष सुखावणारे! १९ ऑक्टोबर १९३७ रोजी बॉन येथे त्यांचे देहावसान झाले.

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून शाखा निवडीची चर्चा सुरू होते. सी.ए., इंजिनीअर, डॉक्टर किंवा वडिलांची पेढी, यांपलीकडे ती सहसा जात नाही. पोटापाण्याची चिंता खोटी नाही. मी स्वतः वाणिज्य शाखेचा पदवीधर व कापडाचा व्यापारी असल्याने जमाखर्चाचे महत्त्व जाणतो. परंतु आवड म्हणजे चार दिवसांची हौस नव्हे. याकोबींची आवड पन्नास वर्षांहून अधिक काळ श्रमाच्या कसोटीवर उतरली. आपल्या मुलामुलींपैकी एखाद्याला प्राकृत, इतिहास वा तत्त्वज्ञान शिकावेसे वाटले, तर ती आवड किती खोल आहे हे अवश्य पाहावे. खोल असेल तर मात्र तिच्या आड येऊ नये. ज्ञानभांडारातील पोथ्या पूर्वजांनी जपल्या. त्या वाचणारे डोळे घडविणे हे आता आपले कर्तव्य आहे.